घरच्या वायफायवर प्रिंटर: जोडणी, कायमचा पत्ता आणि ‘ऑफलाइन’वरचा इलाज

लाइट जाऊन आली. राउटरचे दिवे लागले, प्रिंटरचा वायफायचा दिवाही स्थिर झाला, तरी लॅपटॉप सांगतो ‘प्रिंटर ऑफलाइन’. मग प्रिंटर यादीतून काढायचा, पुन्हा जोडायचा, चाचणीचं पान निघालं की हुश्श करायचं. नाशिकला वळवाच्या पावसात पुन्हा लाइट जाते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या दुखण्यात प्रिंटर सहसा बिघडलेला नसतो. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. हा पत्ता भाड्याच्या खोलीसारखा असतो. कोणाला कुठली खोली दिली ती नोंद अनेक घरगुती राउटर बंद-चालू झाल्यावर विसरतात, आणि जो आधी येईल त्याला हाताशी असलेला पत्ता देऊन टाकतात. काल प्रिंटर १९२.१६८.१.५ वर होता, आज तिथे टीव्ही बसला आहे आणि प्रिंटर १९२.१६८.१.९ वर गेला आहे. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर पानं पाठवत बसतो. प्रिंटर पुन्हा जोडल्यावर काम होतं ते नवा पत्ता कळतो म्हणून, आजार बरा झाला म्हणून नाही. त्यामुळे पुढे जोडणीइतकाच भर पत्ता कायम करण्यावर दिला आहे. पहिल्याच दिवशी त्यासाठी पंधरा मिनिटं काढा.

आधी यंत्र नीट पाहून घ्या

दुकानात शेजारी ठेवलेले दोन प्रिंटर दिसायला जुळे असतात, पण एकात वायफाय असतं, दुसऱ्यात नसतं. एप्सनचा एल३२१० फक्त यूएसबी वायरवर चालतो, एल३२५० वायफायवरही चालतो. एम.जी. रोडवर भाव विचारताना मॉडेलचा पूर्ण आकडा सांगा आणि खोक्यावर वायफायचं चिन्ह स्वतः पाहा.

मुलांचे रंगीत प्रोजेक्ट, फोटो, मुक्त विद्यापीठाच्या असाइनमेंट असं काम असेल तर इंकटँक (टाकीत बाटलीने शाई भरायचा प्रिंटर) बरा, पण तो आठवड्यातून एकदा तरी चालवावा लागतो, नाहीतर शाई हेडमध्ये, म्हणजे ती कागदावर सोडणाऱ्या भागात, वाळते. सातबारा, अर्ज, हॉल तिकीट अशी कधीमधी चार काळी पानं एवढंच असेल तर लेझर घ्या. त्याची पावडर (टोनर) वाळायचा प्रश्नच येत नाही. मात्र लेझर प्रिंटर फ्यूजर, म्हणजे पावडर कागदावर चिकटवणारा गरम भाग, तापवताना काही क्षण कित्येकशे वॉट ओढतो. तो कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका, यूपीएस ओव्हरलोड होऊन त्यावरचं सगळं बंद पाडेल. इंकटँक इतका कमी वीज खातो की त्याला ही अडचण नाही.

जागा

प्रिंटर जिथे ठेवायचा तिथे फोन घेऊन उभे राहा आणि वायफायची रेंज पाहा. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशिकच्या वाड्यात दीड-दोन फूट जाडीची भिंत मध्ये आली की सिग्नल निम्म्यावर येतो. नव्या फ्लॅटमध्ये तीच गत आरसीसी भिंत आणि लोखंडी कपाटामुळे होते. प्रिंटरचा अँटेना अनेकदा फोनच्या अँटेनापेक्षा कमजोर असतो, म्हणून फोनवर एकच कांडी दिसत असेल ती जागा सोडा. राउटर आणि प्रिंटर यांच्यामध्ये एकच भिंत असेल असं पाहा. प्रिंटर राउटरला अगदी चिकटवूनही ठेवू नका, तीन-चार फूट अंतर असू द्या.

राउटरमध्ये आधी काय तपासायचं

घाई करून थेट प्रिंटर जोडायला बसतात आणि तासभर वाया घालवतात, ते या टप्प्यामुळे. राउटरचं पान उघडायला त्याचा पत्ता लागतो. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टिचकी मारली की ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ म्हणून तो दिसतो. बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या राउटरचा १९२.१६८.२९.१ असतो. हा आकडा ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाका. मराठी कीबोर्ड लावलेला असेल तर आधी इंग्रजी करा, आकडे इंग्रजीच लागतात. युजरनेम आणि पासवर्ड राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असतात.

आत गेल्यावर पहिली गोष्ट बँड, म्हणजे वायफायच्या रेडिओ लहरींचा पट्टा. घरगुती प्रिंटर बहुतेक करून फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतही नाही. नवे राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली चालवतात. फोनला त्याचा फायदा होतो, प्रिंटर जोडताना मात्र गोंधळ होतो. उपाय दोन: दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, म्हणजे एकाच्या पुढे ‘२जी’ आणि दुसऱ्याच्या पुढे ‘५जी’ लावा, किंवा जोडणी होईपर्यंत ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवा. जोडणी झाली की पुन्हा चालू करा. नंतर फोन ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी दोघं एकाच घरच्या नेटवर्कवर असतात, छपाई होते.

दुसरी गोष्ट सुरक्षा, म्हणजे वायफायच्या पासवर्डची पद्धत. ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल’ ठेवा. फक्त डब्ल्यूपीए३ निवडलेलं असेल तर बरेच प्रिंटर पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणून परततात. दोन्ही मिळून असलेला मिश्र पर्याय बहुधा चालतो, पण अडलं तर शुद्ध डब्ल्यूपीए२ लावून बघा.

तिसरी गोष्ट चॅनल, म्हणजे त्या बँडमधली एक मार्गिका. २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. आपल्याकडे राउटर ‘ऑटो’वर असला की कधी १२ किंवा १३ वर जाऊन बसतो आणि ११ पर्यंतच ऐकणाऱ्या प्रिंटरला तो दिसेनासा होतो. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा इथल्या दाट वस्तीत एका जागी वीस-पंचवीस वायफाय नावं दिसतात. तिथे फोनवरचं एखादं वायफाय ॲनलायझर ॲप लावून या तिघांपैकी कमी गर्दीचं चॅनल निवडा.

शिवाय वायफायचं नाव आणि पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. देवनागरी नाव, इमोजी, अवतरणचिन्हं यांवर प्रिंटर अडखळतात. प्रिंटर ‘गेस्ट’ नेटवर्कवर जोडू नका, आणि ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल तर बंद करा. त्या सोयीचा हेतूच हा, की वायफायवरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत.

जोडणी

शाई किंवा टोनर भरून, कागद लावून, यंत्राची स्वतःची तयारी पूर्ण होऊ द्या. नव्या इंकटँकमध्ये पहिल्यांदा शाई नळ्यांतून हेडपर्यंत यायला दहा मिनिटं किंवा जास्तही लागतात. तेवढ्यात बंद केलात तर हवा अडकते.

छोटा पडदा असलेल्या प्रिंटरवर काम सोपं आहे: सेटिंग, मग नेटवर्क, मग वायफाय सेटअप, नाव निवडा, पासवर्ड टाका. लहान आणि मोठ्या अक्षरांकडे लक्ष द्या, निम्म्या चुका तिथेच होतात.

पडदा नसेल तर कंपनीच्या ॲपमधून जोडा. फोन २.४ गिगाहर्ट्झच्या नावावर ठेवा. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू करा, ॲप ‘जवळची उपकरणं’ आणि लोकेशनची परवानगी मागेल ती द्या. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी एकदा नाकारली की ॲपला प्रिंटर कधीच सापडत नाही. ती सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा द्यावी लागते. आणि जोडणी चालू असताना मोबाइल डेटा बंद ठेवा. ॲप काही क्षण फोनला प्रिंटरच्या स्वतःच्या वायफायवर नेतं, त्यावर इंटरनेट नसतं, ते पाहून फोन परत मोबाइल डेटाकडे पळतो आणि जोडणी ८०-९० टक्क्यांवर तुटते. ‘शेवटी येऊन अडकतंय’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

डब्ल्यूपीएसचं बटण दोन्हीकडे असेल तर पासवर्डही लागत नाही: राउटरचं बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचं दाबा. डब्ल्यूपीए३ चालू असताना ही पद्धत चालत नाही. काम झालं की राउटरमधलं डब्ल्यूपीएस बंद करून टाका, ते उघडं ठेवणं सुरक्षित नाही.

प्रिंटरच्या मागे लॅन वायरचं तोंड असेल आणि राउटर जवळच असेल तर वायफायच्या फंदात पडूच नका. कॅट६ वायर लावा. घरच्या प्रिंटरसाठी याहून भरवशाची जोडणी नाही.

एक इशारा इथेच. ड्रायव्हर (लॅपटॉपला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) किंवा ॲप शोधताना कंपनीचा ‘हेल्पलाइन नंबर’ म्हणून गुगलवर जे आकडे वर येतात, त्यांतले अनेक फसवे असतात. समोरचा माणूस स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगतो आणि मग ‘वॉरंटी फी’ किंवा ओटीपी मागतो. ड्रायव्हर कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेल्या संकेतस्थळावरूनच घ्या. फोन करायचाच असेल तर खोक्यावरच्या किंवा वॉरंटी कार्डावरच्या नंबरवर करा.

आता पत्ता कायम करा

प्रिंटर जोडला गेला की त्याच्याकडून नेटवर्कचा अहवाल छापून घ्या. काही मॉडेलवर त्यासाठी ‘आय’ चिन्हाचं बटण असतं, काहींवर दोन बटणं एकदम दाबावी लागतात. माहितीपत्रकात ‘नेटवर्क स्टेटस शीट’ किंवा ‘कॉन्फिगरेशन पेज’ या नावाखाली ते दिलेलं असतं. या पानावर तीन ओळी शोधून पेनाने गोल करा: आयपी ॲड्रेस, गेटवे आणि मॅक ॲड्रेस. मॅक ॲड्रेस म्हणजे कारखान्यातून आलेला ओळखक्रमांक. त्यात दोन-दोनच्या सहा जोड्या असतात, आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं. लॅनचं तोंड असलेल्या प्रिंटरच्या पानावर दोन मॅक ॲड्रेस छापून येतात, एक वायरचा आणि एक वायफायचा. वायफायवर जोडला असेल तर वायफायवालाच घ्या. इथे चुकलात तर पुढचं सगळं बरोबर करूनही पत्ता बदलतच राहील.

आता राउटरच्या पानावर डीएचसीपीचा, म्हणजे पत्ते वाटण्याचा, भाग उघडा. तिथे ‘ॲड्रेस रिझर्वेशन’, ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ यांपैकी एखादं नाव सापडेल. प्रिंटरचा मॅक ॲड्रेस टाका, समोर हवा तो पत्ता टाका, जतन करा. लक्षात राहील असा आकडा घ्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. पहिले तीन भाग तुमच्या गेटवेचेच हवेत, फक्त शेवटचा तुमच्या मनाचा. प्रिंटर बंद करून चालू करा आणि अहवाल पुन्हा छापा. ५० आला म्हणजे झालं.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये ही सोय कुलूपबंद असते. मग पत्ता प्रिंटरमध्येच बसवायचा. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आताचा पत्ता टाका, त्याचं स्वतःचं पान उघडेल. ‘हे कनेक्शन खासगी नाही’ असा लाल इशारा आला तर घाबरू नका. प्रिंटर स्वतःच तयार केलेलं प्रमाणपत्र दाखवतो म्हणून ब्राउझर कुरकुरतो. पत्ता तुमच्याच प्रिंटरचा आहे याची खात्री करून ‘ॲडव्हान्स्ड’मधून पुढे जा. पासवर्ड मागितला तर प्रिंटरच्या मागचं स्टिकर पाहा, काही मॉडेलमध्ये सीरियल नंबर हाच पहिला पासवर्ड असतो. नेटवर्क सेटिंगमध्ये ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’ निवडा आणि भरा: आयपी १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएसही तोच. हा पत्ता राउटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा असावा. राउटर २ ते २५४ सगळेच वाटत असेल तर तो टप्पा १०० ते २०० असा करून घ्या, नाहीतर एखाद्या दिवशी ५० हाच पत्ता पाहुण्याच्या फोनला मिळेल आणि दोघांचंही काम अडेल.

विंडोजला नवा पत्ता सांगा

विंडोज स्वतः प्रिंटर शोधतं तेव्हा पुष्कळदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचा पोर्ट, म्हणजे पानं पाठवायचा मार्ग, बनवतं. तो प्रिंटरला अधूनमधून हाका मारत राहतो, आणि प्रिंटर झोपेत असल्यामुळे उत्तर आलं नाही की ‘ऑफलाइन’ ठरवून मोकळा होतो. त्याच्या जागी साधा टीसीपी/आयपी पोर्ट लावा.

१. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स इथे जाऊन प्रिंटर निवडा आणि ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ नव्हे, ते वेगळं.

२. ‘पोर्ट्स’ टॅबवर ‘ॲड पोर्ट’ दाबा, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा, ‘न्यू पोर्ट’ दाबा.

३. प्रिंटरचा कायम केलेला पत्ता टाका आणि पुढे जा. यंत्राचा प्रकार विचारला तर ‘जेनेरिक नेटवर्क कार्ड’ चालतं. छपाईचा नेहमीचा पोर्ट क्रमांक ९१०० आहे, तो आपोआप येतो.

४. परत आल्यावर ‘कॉन्फिगर पोर्ट’ दाबा आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’समोरची खूण काढा. घरगुती प्रिंटर या चौकशीला अनेकदा नीट उत्तर देत नाहीत आणि विंडोज चालू प्रिंटरला बंद समजतं.

५. ‘जनरल’ टॅबवरून चाचणीचं पान काढा.

‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या पानावरच ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा आणि तुमचा प्रिंटर डिफॉल्ट ठेवा. नाहीतर ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ पुढे येतो आणि कागद का निघत नाही म्हणून आपण प्रिंटरकडे बघत बसतो. वायफायच्या गुणधर्मांत घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ असावं. ‘पब्लिक’ असेल तर लॅपटॉप इतर यंत्रांपासून अंग चोरून राहतो.

ॲपलच्या फोनवर आणि मॅकवर एअरप्रिंटमुळे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. अँड्रॉइडवर ‘डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस’ चालू असली की पुरे, नसेल तर कंपनीचा प्रिंट प्लगइन टाका. ही मंडळी प्रिंटरला दर वेळी नावाने शोधतात, जुना पत्ता धरून बसत नाहीत. त्यामुळे एक पक्की खूण मिळते: फोनवरून छपाई होते आणि लॅपटॉपच ऑफलाइन म्हणतो, तर प्रिंटर आणि वायफाय दोन्ही ठीक आहेत. दोष लॅपटॉपमध्ये आहे, बहुतेक वेळा त्याच्या पोर्टचा. प्रिंटर रीसेट करू नका.

अडलं की या क्रमाने बघा

क्रम सोडू नका. दमलेला माणूस सगळ्यात आधी ड्रायव्हर काढून टाकतो, आणि तो बहुतेक वेळा निर्दोष असतो.

पहिलं, प्रिंटरकडून स्वतःचा अहवाल छापा. छापलाच नाही तर गडबड कागद, शाई किंवा यंत्राची आहे, नेटवर्कची नाही. छापला तर आयपी ॲड्रेस वाचा. १६९.२५४ ने सुरू होत असेल, किंवा ०.०.०.० असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद करून पुन्हा लावा, तीन मिनिटं थांबा, मग प्रिंटर चालू करा. तरीही तेच आलं तर पासवर्ड आणि डब्ल्यूपीए२ पुन्हा तपासा.

दुसरं, लॅपटॉपच्या वायफायच्या गुणधर्मांत त्याचा आयपी ॲड्रेस पाहा आणि पहिले तीन भाग प्रिंटरशी जुळतात का ते बघा. लॅपटॉप १९२.१६८.०.१२ आणि प्रिंटर १९२.१६८.१.५०, असं दिसलं तर घरात दोन नेटवर्क चालली आहेत. फायबर कंपनीच्या डब्याचं वायफाय कमी पडतं म्हणून आपण दुसरा राउटर आणतो, तो आपलं वेगळं राज्य थाटतो, आणि प्रिंटर एका राज्यात, लॅपटॉप दुसऱ्या. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरच्या मालिकेतला पण वेगळा ठेवा, आणि पहिल्याकडून आलेली वायर ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’च्या तोंडात लावा. मग सगळं घर एक होतं.

तिसरं, कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग’ लिहा, एक जागा सोडून प्रिंटरचा पत्ता लिहा. चार उत्तरं वेळेसकट आली तर रस्ता मोकळा आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे पलीकडून हाक नाही. एक फसवं उत्तर लक्षात ठेवा: ‘रिप्लाय फ्रॉम’ असं येतं, पण पुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असतं आणि पत्ता तुमच्याच लॅपटॉपचा असतो. ते यश नव्हे. लॅपटॉप स्वतःच सांगतोय की प्रिंटर सापडला नाही.

ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी मार्ग) चालू असेल तर आधी ते तोडून बघा. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत ‘सकाळी छापत होतं, आता नाही’ यामागे तेच असतं, कारण अनेक व्हीपीएन घरातल्या नेटवर्कचा रस्ता बंद करतात.

चौथं, पिंग होतं, पण पान येत नाही. प्रिंटरची रांग उघडा. तिथे ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ हा पर्याय दिसत असेल आणि त्यासमोर खूण असेल तर काढा. एखादं काम ‘डिलीटिंग’ म्हणत तासभर लटकलं असेल तर स्टार्ट मेन्यूत ‘सर्व्हिसेस’ शोधा, ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरच्या आतल्या फाइली पुसा. फोल्डर पुसू नका. मग स्पूलर पुन्हा सुरू करा.

पाचवं कारण नेटवर्कचं नाही, पण तसं भासतं. काम पोहोचतं, प्रिंटरचा कागदाचा दिवा लुकलुकतो आणि पान निघत नाही. बऱ्याच वेळा फाइलचा कागद ‘लेटर’ ठेवलेला असतो, ट्रेमध्ये ए४ असतो. लेटर २१६ बाय २७९ मिलीमीटर, ए४ २१० बाय २९७. प्रिंटर लेटरची वाट बघत थांबतो. प्रिंटरच्या गुणधर्मांत आणि ॲपमध्ये दोन्हीकडे ए४ करा.

मराठी पीडीएफमध्ये पडद्यावर अक्षरं ठीक आणि कागदावर जोडाक्षरं तुटलेली, वेलांट्या भलतीकडे, असं झालं तर ॲक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून ‘प्रिंट ॲज इमेज’ला खूण करा. छपाई जरा हळू होते, पण पडद्यावर दिसतं तसंच कागदावर येतं.

स्कॅनिंगचा मार्ग छपाईहून वेगळा असतो. पोर्ट बदलून छपाई सुधारली तरी कंपनीचं स्कॅन ॲप जुनाच पत्ता धरून बसलेलं असतं. त्याच्या सेटिंगमध्ये स्कॅनर काढून नव्या पत्त्याने जोडा.

लाइट आणि पाऊस

राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावला की चार-पाच मिनिटांच्या झटक्यांत नेट आणि पत्ते दोन्ही टिकतात. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना पुरेल असा घ्या.

इंकटँक भिंतीवरच्या बटणाने कधीही बंद करू नका. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीखाली बसतं. छापता छापता लाइट गेली तर ते उघडंच राहतं आणि शाई वाळते. लाइट आल्यावर प्रिंटर चालू करा आणि लगेच त्याच्याच बटणाने बंद करा, हेड जागेवर जाईल.

जून ते सप्टेंबर कागदाची रिम उघडी ठेवू नका. ओल धरलेला कागद वाकतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं ठेवा, बाकीची मूळ वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवा. ७० किंवा ७५ जीएसएमचा कागद घरी पुरतो.

इंटरनेट कंपनी बदलली तर

नव्या राउटरला जुनंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तेच, २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ सकट. प्रिंटर काही न करता जोडला जाईल. मात्र तुम्ही प्रिंटरमध्येच पत्ता बसवला असेल आणि नव्या राउटरची मालिका वेगळी असेल, समजा १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.२९, तर तो जोडलेला दिसेल पण कोणालाही सापडणार नाही. जुना राउटर परत करण्याआधी प्रिंटर ‘ऑटो’वर टाका, नव्या राउटरवर रिझर्वेशन पुन्हा करा, आणि लॅपटॉपमधला पोर्ट नव्या पत्त्याचा करा. पत्ता, मॅक ॲड्रेस आणि प्रिंटरच्या पानाचा पासवर्ड एका कागदावर लिहून तो प्रिंटरच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवा.